टोपण उरले, पेन गेले

विठ्ठलवाडी हे कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधले, कर्जतकडे जाणाऱ्या मार्गावरचे लहानसे स्टेशन. सकाळी इथे चढणाऱ्याला गाडी आधीच भरलेली मिळते. अंबरनाथ-बदलापूरची माणसे दारापर्यंत उभी असतात. मी मुंब्र्याच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे धीमी लोकल पकडणे भाग असते. जुलै 2011 मधल्या एका पावसाळी सकाळी मी असाच दारात लटकत आत शिरलो. मुंब्र्याला उतरलो, शाळेत पोहोचलो, हजेरीपट उघडला आणि खिशाला हात लावला. पेनचे सोनेरी टोपण खिशाला नीट अडकलेले होते. टोपणाखाली पेन नव्हते.

ज्यांनी शाईचे पेन वापरले आहे त्यांना हे कसे होते ते सांगायला नको. काही पेनांचे टोपण आट्यांचे असते, ते फिरवून बसवावे लागते. काहींचे नुसते दाबून बसते. दाबाचे टोपण झिजले की पकड सैल होते. गर्दीत कुणाची तरी कोपराची ढुशी लागते, टोपण क्लिपमुळे खिशाला धरून राहते आणि पेन खालच्या खाली निसटते. माझे पेन रुळांवर पडले, डब्यात पडले की कुणाच्या पिशवीत गेले, मला आजवर कळलेले नाही.

ते पेन माझे नव्हते. ते अब्बांचे होते.

अब्बा अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कामगारांच्या हजेरीचे मोठमोठे रजिस्टर ते सुबक अक्षरात भरत. 1983 च्या सुमारास माझे मामू कुवेतहून सुट्टीवर आले. त्या काळात कोकणी मुसलमानांच्या घरी आखातातून येणाऱ्या बॅगेत काय असायचे ते आमच्या पिढीला पाठ आहे: अत्तराच्या बाटल्या, साबण, घड्याळ, टेपरेकॉर्डर, जायनमाज आणि पेने. मामूंनी एकसारखी दोन पेने आणली. एक अब्बांसाठी, दुसरे माझ्या दहावीसाठी. मी तेव्हा पाळण्यातून नुकताच खाली उतरलो होतो. अब्बांनी दुसऱ्या पेनात एकदा शाई भरून दोन ओळी लिहून पाहिल्या, मग ते डबीत घालून लोखंडी कपाटात कुलूपबंद केले. दहावी झाली तेव्हा अब्बा म्हणाले, कॉलेजला जा मग देतो. कॉलेजला गेलो तेव्हा म्हणाले, नोकरी लागू दे. बी.एड. होऊन नोकरी लागली तेव्हा त्यांनी कपाट उघडलेच नाही. स्वतःच्या खिशातले पेन काढून माझ्या खिशाला लावले आणि म्हणाले, "हे चालणारे आहे. हे घे." आणि मी ते हरवले.

या लेखात मला पेनांचा थोडा इतिहास सांगायचा आहे. पण तो मी का शोधत गेलो हे आधी सांगितले नाही तर तो नुसता माहितीचा ढीग होईल.

आधी शब्दांपासून सुरुवात करू, कारण माझे रोजचे काम शब्दांचे आहे. मराठी माणूस पाटी-पेन्सिल सोडून लिहायला लागतो तेव्हा त्याच्या दप्तरात जे जे येते त्यातले बरेच अरबी-फारसीतून आलेले आहे. कलम अरबी, दौत अरबी, शाई फारसी 'स्याही'तून, कागदही फारसीतून आणि ज्यात हे सारे भरायचे ते दप्तरही. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. त्यात 'लेखनवर्ग' असा स्वतंत्र विभाग आहे. तरीही दौत आणि कलम मराठीतून गेले नाहीत. घटनेचे कलम असते, आंबा कलमी असतो. वर 'बोरू' हा आपला गावरान शब्दही टिकला. बोरूने मोडी लिहिणारा कारकून आणि वेताच्या कलमाला तिरका 'कत' देऊन नस्तालिक लिहिणारा कातिब हे एकाच कारखान्यातले कारागीर म्हणता येतील, फक्त एकाचा हात डावीकडून उजवीकडे जायचा आणि दुसऱ्याचा उजवीकडून डावीकडे.

लेखणी हरवण्याची भीतीही तितकीच जुनी आहे. एक संस्कृत सुभाषित पुष्कळांना शाळेपासून माहीत असेल. त्याचा आशय असा की लेखणी, पुस्तक आणि बायको परक्या हाती गेली की गेलीच समजा, आणि परत आलीच तर बिघडून येते. बायकोला त्या यादीत बसवणारा कवी कोण होता कोण जाणे. हे मी घरी ऐकवले तेव्हा बेगम म्हणाली, "तुम्ही तर कुणाला दिलीही नव्हती. स्वतःच्याच खिशातून घालवलीत." यावर सुभाषितकाराकडेही उत्तर नसावे.

लेखण्या सांभाळण्यासाठी पूर्वीच्या माणसांनी जी सोय केली तिला आपण कलमदान म्हणतो. लांबट पेटी, आत कलमे, कलम तासायचा चाकू आणि दौत. काही कलमदाने कमरेला खोचून नेता येत. मोगल आणि दख्खनी दरबारांत तर दौत आणि कलमदान ही मानाची वस्तू होती. पण हे सारे वागवणे जिकिरीचे. दौत कलंडली की अंगरखा गेला. म्हणून प्रश्न पडला की शाई कलमाच्या पोटातच ठेवता आली तर?

हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला याची नोंद शोधताना मी थेट दहाव्या शतकात जाऊन पोहोचलो. फातिमी खलिफा अल-मुइज्ज याची कारकीर्द 953 ते 975 ची. काहिरा शहर वसवले गेले ते याच्याच काळात. त्याच्या दरबारात काझी नोमान नावाचे मोठे विद्वान होते. त्यांनी खलिफाच्या बैठकांतल्या आणि सोबतीच्या प्रसंगांच्या आठवणी अरबीत लिहून ठेवल्या. त्यात ही एक आहे. खलिफाच्या मनात आले की असे कलम हवे ज्याला दौतीची गरज नाही. शाई आत असावी, लिहायचे असेल तेव्हाच ती उतरावी, एरवी कलम अस्तनीत ठेवले किंवा उलटे धरले तरी थेंब गळू नये. काझींना हे शक्य वाटेना. पण काही दिवसांनी कारागिराने सोन्याचे तसे कलम बनवून आणले. ते जरा जास्त शाई सोडत होते, म्हणून दुरुस्तीला गेले आणि मग मनाजोगते झाले. काझींनी त्यातून एक धडाही काढला: जो खरोखर मागतो त्यालाच हे कलम आपल्याजवळचे देते, बाकीच्यांपासून राखून ठेवते.

आता या गोष्टीतली मला खिळवून ठेवणारी बाब सांगतो. ते सोन्याचे कलम आज कुठेही नाही. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात ते पाहायला मिळत नाही. सोन्याचे, खलिफाचे आणि बहुधा आपल्या जातीचे पहिले कलम हरवले. पण काझी नोमान यांनी लिहिलेली हकीकत उरली. फातिमी काळातले पुष्कळ ग्रंथ पुढे यमन आणि हिंदुस्तानातल्या बोहरा समाजाने पिढ्यानपिढ्या हाताने नकला करून जपले. आपल्या मुंबई-गुजरातच्या बोहऱ्यांचे हे काम आपल्याला फारसे ठाऊक नसते. 1981 मध्ये बॉसवर्थ या इंग्रज अभ्यासकाने या नोंदीवर लेख लिहिला आणि फाउंटन पेनच्या इतिहासात हजार वर्षांपूर्वीचे एक पान जोडले गेले. वस्तू गेली, पण हकीकत राहिली म्हणून वस्तूही राहिल्यासारखी झाली.

त्यानंतर बाजारात चालेल असे पेन यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. अडचण तीच होती, शाई एक तर उतरत नसे किंवा भसकन उतरे. अमेरिकेत लुइस वॉटरमन यांनी 1884 मध्ये पेटंट घेतले ते या अडचणीवर. निबेखाली बसणाऱ्या पट्टीत बारीक खाचा ठेवून शाई खाली आणि हवा वर जाईल अशी सोय त्यांनी केली. आजही कुठल्याही शाईच्या पेनाची निब ओढून काढली तर खाली ती जीभ दिसते आणि तिच्यातली खाच दिसते. पेन गळते किंवा अडते त्याची निम्मी कारणे त्या खाचेत असतात.

आपल्याकडे पेन आले ते साहेबाबरोबर आणि मग स्वदेशीबरोबर. आंध्रात राजमहेंद्री येथे 1932 साली रत्नम यांनी देशी पेन बनवायला सुरुवात केली आणि ते गांधीजींपर्यंत पोहोचले. त्याच्या आदल्या वर्षी, 1931 मध्ये, मुंबईत दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि वड्या विकायला काढल्या. पुढे 'कॅमल' शाई आणि मग कॅमलिन झाले ते याच घरातून. वडी पाण्यात विरघळवायची, हलवायची, गाळायची आणि बाटलीत भरायची, हे अब्बांच्या तोंडून मी ऐकले आहे. आमच्या घरात मराठी शाळेची वही आणि उर्दूचा 'तख्ती'चा सराव एकाच निळ्या शाईने व्हायचा. शाईला धर्म नसतो असे छापील वाक्य इथे मी लिहिणार नाही. फक्त एवढे सांगतो की अब्बांच्या शर्टाच्या खिशाखाली पडलेला डाग अम्मीने कितीही चोळला तरी गेला नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर बंधने आली आणि फॉरेनचे पेन ही मिरवायची चीज झाली. आमच्या विठ्ठलवाडीला तर याचा वेगळाच शेजार आहे. रुळापलीकडचे उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या बराकींत आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वस्तीला उल्हासनगर नाव दिले. घरदार सोडून आलेल्या त्या माणसांनी जे मिळेल ते बनवून विकले. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद अख्ख्या महाराष्ट्राने केला, पण त्यामागचे पोट कुणी फारसे पाहिले नाही. तेव्हा आमच्या भागात कुणाच्या खिशाला सोनेरी टोपण दिसले की पहिला प्रश्न यायचा, "ओरिजिनल की इकडचे?" अब्बा उत्तर देत नसत. पेन काढून समोरच्याला एक ओळ लिहायला देत आणि लगेच परत घेत.

आता हरवण्याकडे येतो. पेन-पेन्सिल हरवण्याची महाराष्ट्रातली सर्वांत सुंदर हकीकत मुंबईतली आहे आणि ती सांगितली एका सातारकराने. काका कालेलकर 1885 मध्ये साताऱ्यात जन्मले आणि पुढे गांधीजींचे निकटचे सहकारी झाले. 1915 च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन होते. गांधीजी काहीतरी शोधत होते. कालेलकरांनी विचारले तेव्हा कळले की एक लहानशी पेन्सिल सापडत नाही. कालेलकरांनी स्वतःची पेन्सिल पुढे केली. गांधीजींना ती नको होती. हरवलेली पेन्सिल त्यांना मद्रासमध्ये नटेसन यांच्या छोट्या मुलाने प्रेमाने दिली होती, तेव्हा ती हरवून कसे चालेल? मग दोघांनी शोधून ती काढली. दोन इंचांहूनही लहान तुकडा होता तो. कालेलकरांनी 'बापू की झाँकियाँ'मध्ये हा प्रसंग लिहिला म्हणून आपल्याला माहीत आहे.

या हकीकतीला पुढे एक विचित्र जोड मिळाली. 2009 मध्ये एका नामांकित परदेशी कंपनीने गांधीजींच्या नावाने सोन्याचे पेन काढले. दांडीयात्रेच्या 241 मैलांची आठवण म्हणून 241 नग आणि एकेकाची किंमत 11 लाख रुपयांच्या वर. केरळच्या उच्च न्यायालयात प्रकरण गेले आणि 2010 मध्ये भारतातली विक्री थांबवण्यात आली. एकीकडे 11 लाखांचे पेन, दुसरीकडे दोन इंचांची पेन्सिल. कुठले जपण्यासारखे होते हे शाळेतले पोरही सांगेल. पण का, हे विचारले तर उत्तर एकच येते. पेन्सिलीमागे देणारा होता, आणि त्याचे नाव घेणाऱ्याला माहीत होते.

सांभाळण्याचे उदाहरण पाहायचे तर बाबासाहेबांकडे जावे लागते. पुस्तकांइतकाच त्यांना चांगल्या पेनांचा शौक होता. 6 डिसेंबर 1956 नंतर त्यांच्या वापरातल्या वस्तूंचे काय झाले, हा आपल्या सगळ्यांसाठी धडा आहे. माईसाहेबांनी, म्हणजे डॉ. सविता आंबेडकर यांनी, सांभाळलेल्या वस्तू पुण्यातल्या सिंबायोसिसच्या संग्रहालयात आल्या. त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांच्याकडच्या काही वस्तू नागपूरच्या वामनराव गोडबोले यांच्याकडे आल्या आणि त्या नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात आहेत. तिथे त्यांचे टंकलेखन यंत्र आहे, कपडे आहेत. काळाने ते खराब होऊ लागले तेव्हा शास्त्रीय पद्धतीने जतनाचे कामही हाती घ्यावे लागले. आणि ज्यासाठी ती पेने झिजली ते लिखाण? अप्रकाशित कागद पेट्यांमध्ये वर्षानुवर्षे पडून होते. वसंत मून यांच्यासारख्या माणसाने ते लावले, वाचले आणि 14 एप्रिल 1979 रोजी महाराष्ट्र शासनाने पहिला खंड काढला. आज सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर फुले-मेणबत्त्यांऐवजी 'एक वही, एक पेन' आणण्याचे आवाहन होते आणि जमलेले साहित्य गरजू मुलांकडे जाते. एका माणसाच्या पेनाची आठवण हजारो मुलांच्या दप्तरात शिरते. याहून मोठे जतन मला दुसरे माहीत नाही.

इथे मला आपल्या समाजाबद्दल एक कडू गोष्ट बोलायची आहे. कल्याण-भिवंडी-ठाण्याच्या किती घरांत जुने मुदर्रिस, कातिब, काझी, पेशइमाम, मुन्शी होऊन गेले. त्यांची कलमदाने, निकाहनाम्यांची रजिस्टरे, मुशायऱ्यांच्या वह्या कुठे आहेत? घर मोडून इमारत झाली तेव्हा त्या भंगारात गेल्या. आपण म्हणतो आपल्याला कुणी इतिहासात जागा दिली नाही. ते काही अंशी खरे आहे. पण आजोबांचे कलमदान रद्दीवाल्याला किलोवर देताना आपल्याला कुणी अडवलेही नव्हते. बाबासाहेबांच्या वस्तू वाचल्या कारण त्या कुणाच्या आहेत हे सांगणारी माणसे जिवंत होती आणि ती सांगत राहिली.

आता पुन्हा माझ्या खिशाकडे. त्या दिवशी संध्याकाळी मी विठ्ठलवाडी स्टेशनवर विचारले, कल्याणला विचारले. कुणी काही आणून दिले नव्हते. घरी गेलो तेव्हा अब्बा दारातच बसले होते. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नुसते टोपण खिशाला अडकवले आणि निघालो. बाहेरून पाहणाऱ्याला पेन आहे असेच वाटते. हे मी तीन वर्षे केले. शिक्षक माणूस, मुलांना खरे बोला म्हणून सांगणारा, रोज रिकामे टोपण लावून बापासमोरून जात होतो. एकदा पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरायचा होता. अब्बांनी सहीसाठी हात पुढे केला आणि म्हणाले, "दे." मी म्हणालो शाई संपली आहे, आणि बॉलपेन दिले. त्यांनी सही केली. माझ्या खिशाकडे पाहिले. बोलले काहीच नाही. 2014 मध्ये ते गेले.

आपल्याकडे फिक्हमध्ये दुसऱ्याच्या वस्तूंबद्दल वेगवेगळे शब्द आहेत आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. सांभाळायला दिलेली ती 'अमानत'. वापरून परत करायला दिलेली ती 'आरियत'. वाटेत सापडलेली ती 'लुकता'. बुखारीच्या हदीससंग्रहात लुकत्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. सापडणाऱ्याने आधी वस्तूच्या खुणा नीट ओळखून ठेवायच्या आणि मग वर्षभर लोकांत पुकारा करायचा. आपल्या देशाच्या कायद्यातही, 1872 च्या करार कायद्याच्या कलम 71 मध्ये, सापडलेली वस्तू घेणाऱ्यावर ती सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी टाकली आहे. आणि अमानतीचा नियम असा की सांभाळणाऱ्याने हलगर्जी केली नसेल आणि तरीही वस्तू गेली, तर त्याच्यावर भरपाई नाही.

हे मी वर्गात शिकवत नाही, पण वाचलेले होते. तरी ते स्वतःला लावून पाहायला मला बरीच वर्षे लागली. पेन हरवले हा माझा गुन्हा नव्हता. टोपण सैल झाले होते आणि मी ते दुरुस्त करून घेतले नाही, एवढी हलगर्जी माझी. खरी खयानत दुसरीकडे झाली. पेन हरवल्याची हकीकत ज्याला सांगायला हवी होती त्याला मी सांगितली नाही. सांगितली असती तर कदाचित अब्बा रागावले असते, आणि मग त्या पेनाच्या गोष्टी सांगत बसले असते. कुठल्या संपात त्याने हजेरी लिहिली, कुणाच्या निकाहनाम्यावर साक्षीची सही केली, मामूंनी ते कुवेतच्या कुठल्या बाजारात घेतले. त्या गोष्टी आता मला कुणीही सांगू शकत नाही. मामूही राहिले नाहीत. पेन रुळांवर पडले, आणि त्याच्या आठवणी मी घरात बसून घालवल्या.

अब्बा गेल्यावर काही महिन्यांनी कपाट उघडले. डबीत दुसरे पेन होते. बाहेरून कोरे करकरीत, लग्नातल्या दागिन्यासारखे. टोपण ओढले तर निघेना. एकतीस वर्षांपूर्वी ती चव पाहण्यासाठी भरलेली शाई आत वाळून दगड झाली होती, आणि शाई धरणारी रबराची पिशवी कडक होऊन तिचे तुकडे पडले होते. अब्बांनी जे वापरले ते वीसेक वर्षे त्यांच्या हातात आणि मग माझ्याकडे उत्तम चालले. जे जपून ठेवले ते कपाटातच मेले.

ज्यांच्या घरी अशी पेने आहेत त्यांच्यासाठी थोडे कामाचे सांगतो. ठेवून द्यायचे असेल तर शाई भरून ठेवू नका. साध्या थंड पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत, धुऊन वाळवा. वाळलेल्या शाईवर गरम पाणी किंवा स्पिरिट वापरू नका, जुने प्लास्टिक वाकते आणि चिरते. निब कागदाच्या बाजूने रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पाणी निळे झाले की बदला, दोन-तीन दिवस हेच करा. चित्रकलेची काळी शाई या पेनात कधीही भरू नका, ती वाळली की खाच बुजते. जुन्या काळ्या एबोनाइटच्या पेनांना ऊन दाखवू नका, रंग तपकिरी होतो. टोपण सैल झाले तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला न्या. हे शेवटचे मी अनुभवावरून सांगतो.

माझे हे दुसरे पेन मुंबईत फोर्ट भागातल्या एका जुन्या दुरुस्ती करणाऱ्या चाचांकडे नेले. त्यांनी ते कानाशी धरून हलवले, वैद्य नाडी पाहतो तसे. निब चौदा कॅरेट सोन्याची, म्हणून शाईने खाल्ली नव्हती. पिशवी नवी घातली, जीभ साफ केली. पहिली ओळ त्यांनी मलाच लिहायला लावली. माझ्या हातून आपोआप अब्बांचे नाव लिहिले गेले, उर्दूत, उजवीकडून डावीकडे.

ते पेन मी रोज वापरतो. भीती वाटते, पण वापरतो. दहावीच्या निरोपाच्या दिवशी मुले एकमेकांच्या वहीत लिहितात तेव्हा मी ते त्यांच्या हातात देतो. परत घेतो, अब्बांसारखे लगेच. घरी एक वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर या दोन पेनांची जेवढी माहिती आहे तेवढी लिहिली आहे: कुणी आणले, कुणी वापरले, कधी हरवले, कसे हरवले. हरवल्याची नोंद मी खाडाखोड न करता लिहिली. पुढच्या पानांवर मुलीने अम्मीला विचारून पानदानाबद्दल, नानाच्या चष्म्याबद्दल आणि शिलाई मशीनबद्दल लिहायला घेतले आहे. अम्मीला अजून आठवते. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही, कारण अम्मीचे वय 74 आहे.

तुमच्याही घरात एखादे पेन असेल, एखादी दौत, एखादे कलमदान. ते संग्रहालयात जाण्याइतके मोठे नसेल. पण ते कुणाचे, हे सांगणारे माणूस अजून घरात आहे का, एवढे पाहा. असेल तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. हरवले असेल तर तेही लिहा आणि ज्याचे होते त्याला सांगून टाका. माझ्यासारखे तीन वर्षे टोपण लावून फिरू नका.

सोनेरी टोपण अजून माझ्याकडे आहे. 2011 च्या पावसाळ्यात, विठ्ठलवाडी ते मुंब्रा या रस्त्यावर कुणाला टोपण नसलेले पेन सापडले असेल, तर खूण माझ्याजवळ आहे.